ट्रायकोकार्डावर प्रजातीचे नाव हवेच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टोमॅटो, मका, ऊस यांवरच्या किडींविषयी शेतीपानात जे छापून येते, त्यात ‘एकरी एक ट्रायकोकार्ड लावावे’ हे वाक्य हमखास असते. ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक आत वाढत असलेली अंडी चिकटवलेला कागद. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कोणत्या ट्रायकोग्रामाचे कार्ड, हे त्यात बहुधा नसते. सोबत चित्र असते ते पाठीवर पांढरे कोष चिकटलेल्या अळीचे. ते कोष कोटेशिया या वेगळ्याच परोपजीवी कीटकाचे. तो अळीच्या अंगात अंडी घालतो. ट्रायकोग्रामा अळीच्या वाटेला जात नाही. ती पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि अळी जन्माला येण्याआधीच काम संपवते. ते चित्र पाहून शेतकरी अळ्या दिसल्यावर कार्ड बांधतो आणि मग ‘कार्डाने काही झाले नाही’ म्हणतो. होणारच नव्हते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

ट्रायकोग्रामा हे एका कीटकाचे नाव नसून वंशाचे नाव आहे. इंग्लंडमधील जॉन वेस्टवूड यांनी १८३३ मध्ये या वंशाचे वर्णन केले आणि आज जगभरात त्याच्या दोनशेहून अधिक प्रजाती माहीत आहेत. नाशिकच्या शेतकऱ्याशी त्यातल्या चार-पाचांचाच संबंध येतो. ऊस, कापूस, भाजीपाला यांवर ट्रायकोग्रामा चिलोनिस, भातावर जॅपोनिकम, टोमॅटो आणि मक्यावर प्रेटिओसम, टोमॅटोवरच्या नागअळीसाठी अचेई. सगळ्यांची कार्डे दिसायला सारखीच: जाड कागदावर डिंकाने चिकटवलेली काळी, खसखशीहून बारीक अंडी. डोळ्यांनी कोणालाही फरक कळत नाही. म्हणूनच छापील नावाला एवढे महत्त्व.

हा कीटक जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा. गांधीलमाशीच्याच गणातला, पण माणसाला डंख करीत नाही. साध्या दहापट भिंगाखाली लाल डोळे आणि पिवळसर-काळपट अंग एवढेच कळते. वंश पक्का करायचा तर सूक्ष्मदर्शकच लागतो. पहिली खूण पायात: पावलाचे खंड तीनच. इतर बहुतेक चिमुकल्या परोपजीवींत ते चार किंवा पाच असतात. दुसरी खूण पुढच्या पंखात: शीर एकसंध, नागमोडी वळण घेत गेलेली, आणि पंखाच्या पडद्यावर बारीक केस ओळींनी मांडलेले. ग्रीक भाषेत ‘केस’ आणि ‘रेघ’ या दोन शब्दांवरून वंशाचे नाव पडले, ते यामुळेच. तिसरी खूण मिशांत. मादीच्या मिशीचे टोक गदेसारखे जाड. नराच्या मिशीचे पुढचे खंड एकजीव झालेले आणि त्यावर लांब, निमुळते केस. ट्रायकोग्रामाटॉयडिया नावाचा जवळचा वंश आहे, त्याच्या नरात हे खंड सुटे दिसतात आणि पंखावरची केसांची एक ठरावीक ओळ नसते. गुलाबी बोंडअळीवर त्याच वंशातली बॅक्ट्री ही प्रजाती वापरतात. दोन्हींची कार्डे ‘ट्रायकोकार्ड’ याच नावाने चालतात, हे इथे लक्षात घ्यावे.

वंशापर्यंत पोचणे सोपे. प्रजाती ठरवणे अवघड. रंगावर विसंबून चालत नाही, कारण थंडीत वाढलेली पिढी गडद आणि उष्म्यात वाढलेली फिकट निघते. मादीवरून प्रजाती सांगणे बहुतेक वेळा अशक्यच. सगळी मदार नराच्या जननेंद्रियाच्या रचनेवर असते आणि ती पाहायची तर नराला काचपट्टीवर पारदर्शक माध्यमात बसवून चारशेपट मोठा करून पाहावे लागते. चिलोनिसमध्ये त्या अवयवाच्या पाठीकडचा पडदा त्रिकोणी असतो आणि त्याला दोन्ही बाजूंना खांद्यासारखे स्पष्ट उंचवटे असतात. अशा खुणांवर प्रजाती ठरते. अलीकडे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरूनही ती ठरवतात.

ही रीत भारतात रुजवण्यात सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या बंगळुरूच्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा. त्याआधी इथल्या ट्रायकोग्रामाला ऑस्ट्रॅलिकम, मिन्युटम, इव्हॅनेसन्स अशी परदेशी प्रजातींची नावे सर्रास लावली जात. या दोघांनी १९६८ मध्ये या प्रजातींचा आपसांत संकर जुळतो का, याचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि १९७१ मध्ये नराच्या जननेंद्रियाच्या आधारे जुन्या प्रजातींची वर्णने नव्याने केली. आज आपण ज्याला चिलोनिस म्हणतो तो जपानच्या इशी यांनी १९४१ मध्ये वर्णिलेला. आपल्याकडे तो दीर्घकाळ भलत्याच नावाने वावरला. नाव चुकले की त्या नावाखालचे प्रयोग, मात्रा, शिफारशी सगळेच डळमळते. हे एकदा घडून गेले आहे. ‘शेतकऱ्याला लॅटिन नाव कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता या कीटकाचे काम जवळून पाहू. मादी पतंगाच्या अंड्यावर चढते आणि मिशांनी ठोकत ठोकत चालू लागते. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती वेळ लागला, यावरून ती अंड्याचा आकार जोखते आणि त्यात आपली किती अंडी घालायची ते ठरवते. मग अंडनलिका रोवून कवच भोकसते. कॉर्सायरा या तांदळाच्या पतंगाच्या छोट्या अंड्यात सहसा एकच पिल्लू वाढते. मोठ्या पतंगाच्या अंड्यातून अनेक निघू शकतात. आत एका दिवसात अळी निघते, ती अंड्यातला सगळा ऐवज खाते आणि साधारण चौथ्या दिवशी अंड्याच्या आतल्या बाजूस काळे कण जमून अंडे काळेभोर होते. काळेपणा ही परजीवीकरणाची खूण. सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमानात आठ-नऊ दिवसांत प्रौढ कीटक कवचाला गोल भोक पाडून बाहेर येतो. नर आधी निघतात आणि कार्डावरच थांबून माद्या निघाल्या की त्यांच्याशी मिलन करतात. मिलन न झालेली मादीही अंडी घालते, मात्र त्यातून फक्त नर निपजतात. नर अंड्यांचे काही बिघडवू शकत नाही. त्यामुळे नरांचाच भरणा असलेले कार्ड वीस हजार अंड्यांचे असले तरी शेतात त्याची किंमत फार कमी.

कार्ड तयार होते ते तांदळाच्या पतंगाच्या, म्हणजे कॉर्सायराच्या अंड्यांवर. बाजरी किंवा ज्वारीचा भरडा साधारण अडीच किलो, त्यात १०० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, थोडे यीस्ट आणि गंधक. अशा पेटीत कॉर्सायराच्या अळ्या वाढतात, पतंग होतात, अंडी गोळा करून चाळतात. एक घनसेंटिमीटर अंडी म्हणजे अठरा ते वीस हजार. ती डिंकावर पसरून अतिनील दिव्याखाली ठेवतात, म्हणजे अंड्यातला गर्भ मरतो. ही पायरी चुकवली की खरी गडबड होते. कार्डावरची परजीवीकरण न झालेली अंडी उबून कॉर्सायराच्या अळ्या निघतात आणि शेजारची काळी अंडी खाऊन टाकतात. कार्डावर कोळिष्टकासारखे रेशीम आणि भुसा दिसला तर हेच झाले आहे, असे समजावे. ते कार्ड परत करावे.

घेताना आणखी काय पाहावे? हस्तभिंग घेऊन कार्डावर कुठेही शंभर अंडी मोजावीत. काळी किती, पांढरट-पिवळी खप्पड किती? शंभरात ऐंशीहून कमी काळी असतील तर आमच्या मते ते कार्ड घेऊ नये. काळ्या अंड्यांना आधीच भोके असतील तर कीटक वाटेतच निघून गेले. हाती आला तो नुसता कागद. नखाएवढा तुकडा कापून काचेच्या छोट्या बाटलीत टाकावा, तोंडाला बारीक विणीचे कापड बांधावे, आत मधाची एक बारीक रेघ ओढावी आणि सावलीत ठेवावे. दोन-तीन दिवसांत बाटलीच्या उजेडाकडच्या भिंतीवर धुळीसारखे कण सरकताना दिसतात. पंख चुरगळलेले किंवा बिनपंखी कीटक जास्त निघाले तर कार्ड फार दिवस शीतकपाटात राहिले असावे किंवा एकाच अंड्यावर गरजेपेक्षा जास्त माद्या सोडल्या गेल्या असाव्यात. कार्ड आठ-दहा अंशांवर दोन आठवड्यांपर्यंत ठेवता येते. बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीत पुढच्या काचेखाली ठेवलेले कार्ड तासाभरात वाया जाते. नाशिकहून येवल्याला, कळवणला कार्डे नेताना थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीवर कागदाची घडी ठेवून, तिच्यावर कार्डे ठेवून न्यावीत.

शेतातला हिशेब असा. हेक्टरी ५०,००० अंडी ही मात्रा सांगितली असेल तर एकरी एक कार्ड, म्हणजे २०,००० बसते. मात्र हा कीटक वाऱ्याविना आठ-दहा मीटरपलीकडे फारसा जात नाही. अख्खे कार्ड एका झाडाला अडकवले तर झाडाभोवतीचा गोल तेवढा सुरक्षित राहील. दहा-दहा मीटरवर बांधायचे तर एकरात चाळीस जागा होतात. कार्डाचे चाळीस तुकडे, प्रत्येकावर पाचशेच्या आसपास अंडी. कातरणे मागच्या बाजूने, धारदार कात्रीने आणि शक्यतो कोऱ्या रेघेवरून, नाहीतर पात्याखाली काळी अंडी चिरडतात. तुकडा पानाच्या खालच्या बाजूला, अंड्यांची बाजू खाली करून स्टेपलरने किंवा दोऱ्याने लावावा. डिंक पाण्यात विरघळतो. पावसाळ्यात वरच्या बाजूस लावलेल्या तुकड्यावरची अंडी एका सरीत ओघळून जातात, हे इगतपुरी-त्र्यंबकच्या भातपट्ट्यात विशेष ध्यानात ठेवायला हवे. मुंग्या ही दुसरी मोठी अडचण. त्या रात्रीत पट्टी साफ करतात. दोऱ्याला किंवा देठाला ग्रीसचा पातळ हात द्यावा. लावण्याची वेळ सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर.

टोमॅटोवरील फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी एकेकटी, शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर आणि कळ्यांजवळ घालतो. अंडे साबुदाण्याच्या कणासारखे गोल, फिकट, उभ्या रेघांचे. तीन-चार दिवसांत उबते आणि ट्रायकोग्रामाला ताजे, पहिल्या-दुसऱ्या दिवसाचेच अंडे मानवते. म्हणून कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या) पतंग दिसू लागले, पिकाला फुले धरली, की पहिले कार्ड. मग दर आठवड्याला, असे पाच-सहा वेळा. एकदा लावून थांबणे म्हणजे एका दिवसाच्या अंड्यांचा बंदोबस्त. परिणाम तपासायचा तर पाच दिवसांनी शेंडे पाहावेत. अंडे पूर्ण, एकसारखे, चकचकीत काळे असेल तर आत ट्रायकोग्रामा आहे. नुसता वरचा भाग करडा किंवा तपकिरी झाला असेल तर ते अळीचे डोके आहे आणि अंडे उबण्याच्या बेतात आहे. हा फरक शेतकऱ्याला एकदा दाखवला की पुन्हा सांगावा लागत नाही. एक अडचण टोमॅटोचीच: त्याच्या पाना-देठावरचे चिकट लव या कीटकाचे पाय धरून ठेवते. त्यामुळे इतर पिकांएवढा परिणाम इथे एका सोडणीत अपेक्षू नये.

मक्याचे गणित वेगळे. अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये आली. तिचा पतंग अंडी पुंजक्याने, थरावर थर घालतो आणि वर अंगावरचे केस पसरवतो. ट्रायकोग्रामाला वरचा आणि कडेचा थर सापडतो, आतल्या थरापर्यंत तिची पोच कमी. टेलेनोमस रेमस हा काळा, चकचकीत, थोडा मोठा कीटक केसांतून आत शिरून खालची अंडीही गाठतो. म्हणून मक्यासाठी ट्रायकोग्रामा प्रेटिओसम किंवा टेलेनोमस, तेही एकरी ५०,००० आणि सापळ्यात तीन पतंग दिसताच, अशी शिफारस आहे. म्हणजे अडीच कार्डे. येवला, चांदवड, मालेगाव भागात मक्याचे क्षेत्र मोठे आहे. तिथला शेतकरी टोमॅटोचाच ‘एकरी एक’ हा आकडा मक्याला लावतो, याला आपले छापील मोघम वाक्यही कारणीभूत आहे. भातावर खोडकिड्यासाठी जॅपोनिकम, पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी चिलोनिस. निफाडच्या उसात खोडकिड्यासाठी चिलोनिस, लागणीनंतर महिनाभराने सुरुवात करून. तिथे उन्हाळ्याचा प्रश्न येतो: पस्तीस अंशांच्या वर अंड्यातून निघणाऱ्या कीटकांची संख्या घसरते. उष्णता सोसणारे चिलोनिसचे वाण बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तयार केले आहे. तेव्हा नुसते ‘चिलोनिस’ एवढेच पुरेसे नाही. वाणही लिहिलेला असावा.

द्राक्ष आणि कांदा उत्पादकांसाठी मुद्दाम लिहितो. पिठ्या ढेकूण, फुलकिडे, तुडतुडे यांवर ट्रायकोकार्ड काहीही काम करीत नाही. फुलकिड्यांची अंडी पानाच्या पेशीत रुतलेली असतात, पिठ्या ढेकणाची कापसासारख्या पिशवीत. पिठ्या ढेकणासाठी अ‍ॅनागायरस हा परोपजीवी आणि क्रिप्टोलीमस हा भुंगेरा वेगळे मिळतात. त्यांची गल्लत ट्रायकोकार्डाशी करू नये. शिवाय द्राक्षबागेत भुरी रोगासाठी गंधक वापरतात, आणि गंधक या चिमुकल्या कीटकांना मारक आहे. बागेला लागून टोमॅटो असेल आणि वारा तिकडे वाहत असेल तर गंधकाच्या धुरळणीच्या आठवड्यात कार्ड लावू नये.

फवारणीचेही तसेच. पायरेथ्रॉइड आणि ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधे घातकच. स्पिनोसॅड हे कीटकनाशक जैविक उगमाचे म्हणून सुरक्षित समजले जाते, पण ट्रायकोग्रामाला ते फार विषारी आहे. ‘जैविक’ हा शब्द बाटलीवर पाहून कार्डाबरोबर ते फवारणे ही आजच्या घडीची सगळ्यात महागडी चूक असावी. घाटेअळीला रोग करणारा विषाणू आणि बीटी हा जिवाणू मात्र चालतात, कारण ते अळीने खाल्ल्यावरच काम करतात. कडक औषध मारणे भागच असेल तर त्यानंतर निदान आठवडाभर थांबून कार्ड लावावे.

आपणास विनंती तीन. ट्रायकोकार्डाविषयी मजकूर छापताना पीक, कीड, प्रजाती आणि एकरी मात्रा या चारही गोष्टी सोबतच द्याव्यात. एक सुटली तर बाकीच्या तिघींना अर्थ उरत नाही. कार्ड विकणाऱ्या व बनवणाऱ्या सगळ्यांना आपल्या पानातून आवाहन करावे, की कार्डाच्या मागे प्रजाती, वाण, अंडी परजीवी केल्याची तारीख आणि कीटक निघण्याची अपेक्षित तारीख हाताने लिहिली तरी चालेल, पण लिहावी. आज हाती येणाऱ्या अनेक कार्डांवर यातले काहीच नसते. एरवी रासायनिक औषधाची बाटली घटकाच्या नावाशिवाय आपण घेणार नाही.

आणि तिसरी चित्राची. पांढऱ्या कोषांची अळी काढून टाकून, टोमॅटोच्या पानावरचे काळेभोर अंडे आणि त्याच्या शेजारी टाचणीचे डोके असे छायाचित्र छापावे. टाचणीचे डोके साधारण दीड मिलिमीटर असते. अंडे आणि कीटक दोन्ही त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. ते पाहिले की शेतकरी भिंग मागायला येतो.

आपले,
मित्रकीटक संवर्धनाचे काम करणारे काही अभ्यासक,
नाशिक